दंडवतकाका आणि भुरीची साखर

दंडवतकाका डास मारत नसत. हातावर डास बसला तर ते हळूच फुंकर घालत आणि तो उडायची वाट बघत. तेवढ्यात त्याने आपलं काम उरकून घेतलं तरी त्यांची काही तक्रार नसे. अंगणात मुंग्यांची रांग दिसली की ते वळसा घालून जात. पावसाळ्यात तर त्यांच्या दारापासून फाटकापर्यंतची वाट इतकी वेडीवाकडी व्हायची की रस्त्यावरच्या नवख्या माणसाला वाटावं, म्हातारा घेऊन आलाय. अशा या माणसाने पुढे काही वर्षं रोज सकाळी एका मांजरीच्या कानाला सुई टोचून रक्ताचा थेंब काढला. ही ऐकीव गोष्ट नाही. त्या वेळी मांजरीचे पुढचे पाय बहुतेक मीच धरलेले असत.

पांढुर्ण्यात सौसर रोडला आमचं घर आणि काकांचं घर एकाच कंपाउंडच्या भिंतीला लागून. आमच्या घरात मी आणि आई. मी पोस्टात. काका एकटे; बायको कधीच गेलेली, लेक सौसरला दिलेली. घर महानुभाव पंथाचं, काका स्वतः उपदेश घेतलेले, म्हणजे जीव न मारण्याचा आणि मांस-अंडं न शिवण्याचा नेम. भेटेल त्याला हात जोडून ‘दंडवत प्रणाम’ म्हणायचे. माणसालाच नाही, फाटकातून आत शिरणाऱ्या बकरीलाही ते आधी दंडवत घालत आणि मग बाहेर काढत. गल्लीतल्या पोरांनी त्यांना दंडवतकाका हे नाव ठेवलं ते त्यावरून. मी समोर त्यांना काकाजी म्हणे. सकाळी भिंतीपलीकडून त्यांचा ‘दंडवत, वैनी’ आला की इकडून आईचा ‘जयभीम, भाऊ’ जायचा. दोघांनी कधी एकमेकांचा शब्द उचलला नाही आणि कुणाला कुणाचा खटकलाही नाही.

धंदा संत्र्याच्या कलमांचा. जंभेरीच्या, म्हणजे आंबट रानलिंबाच्या, रोपाची साल चिरायची, त्यात संत्र्याचा डोळा बसवायचा आणि पट्टी बांधायची. हातात चाकू आणि तोंडात नामस्मरण, असा त्यांचा दिवस जाई. साल चिरली की त्या जागेवर ते क्षणभर अंगठा दाबून धरत. एकदा मी विचारलं, असं केल्याने डोळा चांगला धरतो का? म्हणाले, “डोळ्याचं मले माहीत नाही वो बाई. झाडाले लागलं असन म्हनून धरतो.” मी हसले. ते हसले नाहीत.

त्या कलमांच्या पिशव्यांत उंदीर झाले. कोवळी साल कुरतडायचे. उंदराला औषध घालणं काकांना शक्य नव्हतं, पिंजरा लावून लांब सोडून यावं तर दुसऱ्या दिवशी उंदीर पुन्हा हजर. अशात कुठूनशी एक राखाडी मांजर आली आणि उंदीर कमी झाले. काकांनी तिला ठेवून घेतलं. मी चिडवलं, “काकाजी, म्हणजे मारायला माणूस ठेवला तुम्ही.” त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, “म्या तिले सांगतलं नाही अन् म्या तिले रोकलं नाही. तिचा धर्म तिच्यापाशी, माहा माह्यापाशी.” मात्र आपल्या हाताने तिला जे द्यायचे ते दूधभात, वर चमचाभर साखर. तिचं नाव भुरी. उंदीर संपले आणि ती नुसत्या दूधभातावर राहू लागली, तशी ती गोल होत गेली. काका तिला उचलून आईला दाखवत, “पाह्यलं वैनी, सुखाचं आंग.”

मग भुरी पाणी पिऊ लागली. कलमांच्या पिशव्यांतलं, हौदातलं, मिळेल तिथलं पाणी. खायची खूप, पण पाठीचा कणा हाताला लागायला लागला. मागचे पाय टाकताना ती घसरल्यासारखी चालायची. आम्ही म्हटलं म्हातारी झाली. पण काकांची नजर कायम जमिनीकडे, मुंग्यांकडे. त्यांना दिसलं की भुरी जिथे लघवी करते तिथे मुंग्या धरताहेत. त्यांनी मला बोलावून ती जागा दाखवली. “माह्या आजोबाले असंच झालं होतं,” ते म्हणाले. “साखर. पन मांजरीले होते का?”

ढोरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की आपला रोजचा हात बैलांवर, मांजरीचा मधुमेह आपण पाहिलेला नाही, नागपूरला न्या. आमचा जिल्हा मध्यप्रदेशात, बोली वऱ्हाडी आणि मोठा दवाखाना नागपुरात. त्यात नवीन काही नव्हतं. भुरीला फळांच्या क्रेटमध्ये घालून, वरून जाळी बांधून आम्ही गाडीत बसलो. नागपूरच्या डॉक्टरबाई तरुण होत्या, समजावून सांगणाऱ्या होत्या. मांजर दवाखान्यात घाबरते आणि भीतीनेच तिची साखर वर जाते, म्हणून इथला आकडा खरा धरता येत नाही, घरीच मोजा, असं त्या म्हणाल्या. कानाच्या कडेला बारीक शीर असते ती दाखवली. माणसाचंच मशीन चालवू, पण त्याचा आकडा कसा धरायचा ते माझ्याकडून समजून घ्या, म्हणाल्या. दिवसातून दोनदा इन्सुलिन. इथपर्यंत काका मान हलवत होते. मग त्या म्हणाल्या, “दूधभात, पोळी, साखर सगळं बंद. अंडं, चिकन, मासे. मांजरीचं शरीर त्यासाठीच आहे. तिला वाचवायचं असेल तर हे करावंच लागेल.” काकांची मान थांबली.

परतीच्या पॅसेंजरमध्ये मला झोप लागली. जाग आली ती काकांनी खांदा हलवल्यावर. खाली उतरून बघते तर स्टेशन तिगावचं. पांढुर्णा मागे गेलं होतं. “तुम्हालाही झोप लागली होती का?” मी विचारलं. “नाही,” ते म्हणाले. “पांढुर्णा पाह्यलं न. पन तिथं उतरलो असतो तं घरी जाऊन ठरवा लागलं असतं. थोडा टाइम पायजे होता.” माझ्या संतापाला सीमा राहिली नाही. पण तिगावच्या बाकावर बसलेला, मांडीवर क्रेट धरलेला तो माणूस बघून मी शेजारी टेकले. परतीची गाडी येईपर्यंत आम्ही तिथेच बसून राहिलो. जाळीतून बोट घालून ते भुरीचं कपाळ खाजवत होते. शेवटी त्यांनीच तोंड उघडलं, “सुई माह्या घरी. जेवन तुमच्या घरी. वैनी मानन का?”

आईने मानलं. आमच्याकडे अंडी असतातच, रविवारी कोंबडी असते. तिच्यातलं बिनमिठाचं, उकडलेलं बाजूला काढायचं, एवढंच. भुरीची वाटी आमच्या मागच्या ओसरीवर आली. इन्सुलिनची बाटली आमच्या फ्रीजच्या दारात, कारण काकांकडे फ्रीज नव्हता, माठ होता.

सुरुवातीला सुई मी टोचायची आणि काकांनी धरायचं असं ठरलं. कापडाचा बोळा तव्यावर कोमट करून कानाला लावायचा, कान उबदार झाला की कडेच्या शिरेला टोचायचं. थेंब यायला वेळ लागतो. घाई केली तर पुन्हा टोचावं लागतं. काका डोळे मिटून घेत आणि त्यांची पकड सैल पडे. ती निसटायची, मशीनची पट्टी वाया जायची, माझी ऑफिसची वेळ व्हायची. आठवडाभरात एका सकाळी त्यांनी माझ्या हातातली सुई काढून घेतली. “तुह्या हातानं करोलं म्हनजे म्या नाही केलं, असं होत नाही,” ते म्हणाले. “रगत माह्यासाठी निघून राहिलं, तं काढनारा मीच पायजे.” त्यांनी भुरीपुढे हात जोडले, तोंडाने नाम घेतलं आणि टोचलं. थेंब पहिल्याच खेपेला आला. टोचल्यावर त्या जागेवर ते अंगठा दाबून बसून राहिले. भुरी मशीनकडे बघत होती आणि काका भुरीकडे. आकडा मलाच वाचावा लागला.

मग तो आकडा आमच्या सकाळचा भाग झाला. ‘दंडवत, वैनी’च्या पाठोपाठ भिंतीवरून आकडा यायचा. आई त्यावर आपलं मत द्यायची. तीनशेच्या वर गेला तर म्हणायची, “भाऊ, काल कोन्या घरी जाऊन आली वाटते.” आणि ते खरंच निघायचं. काका मग गल्लीत दारोदार हात जोडत हिंडायचे, भुरीले दूध नका देऊ, पाया पडतो. चहात बुडवलेली खारी मांजरीला घालणारी एक म्हातारी होती, तिच्याकडे तर ते तीन-तीनदा जायचे. आकडा खाली आला की त्यांचा आवाज मोठा व्हायचा. मला त्या काळात सवयच लागली, डोळा उघडला की आधी भिंतीकडे कान.

या व्यवस्थेत एक गोची होती. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, आधी खायला द्या, ती खाते का बघा, मगच इंजेक्शन. पण पोट भरलं की भुरी पेरूच्या झाडावर. हाती लागायचीच नाही. म्हणून काका आधी टोचायचे, इंजेक्शन द्यायचे आणि मग तिला भिंतीवर ठेवून म्हणायचे, “जाय माय, जेव.” ती इकडे उडी मारायची आणि वाटी साफ करायची. रोज करायची, त्यामुळे कुणाला शंका आली नाही.

आषाढी पौर्णिमा आली. आई पौर्णिमेला अष्टशील पाळते. पांढरं लुगडं, सकाळी विहारात वंदना, दुपारनंतर जेवण नाही आणि त्या दिवशी घरात मांसाहार शिजत नाही. आदल्या दिवशीच तिने फ्रीज पुसून काढला होता. भुरीच्या वाटीत वरणभात कालवला, एक दिवस चालून जाईल म्हणाली, आणि इन्सुलिनची बाटली भिंतीवरून काकांकडे देऊन आम्ही दोघी सकाळीच विहारात गेलो. भिंतीपलीकडे काकांनी टोचलं, आकडा पाहिला, इंजेक्शन दिलं आणि ‘जाय माय, जेव’ म्हणून ते कलमांकडे वळले. दोन्ही घरांनी आपापलं व्रत चोख पाळलं आणि त्या दोन व्रतांच्या मधल्या फटीत भुरी उपाशी राहिली. वरणभाताला तिने तोंड लावलं नव्हतं.

आम्ही परतलो तेव्हा ती पेरूच्या झाडाखाली पडलेली होती. पाय फाकलेले, मान एका बाजूला हलत होती, डोळे उघडे पण कुठेच न बघणारे. मी हाक मारली तशी काका भिंत चढून आले, त्या वयात. कान गरम करायलाही वेळ नव्हता, त्यांनी तसंच टोचलं. मशीनवर आकडा नव्हता, नुसतं ‘लो’. मी नागपूरला फोन लावला. डॉक्टरबाई म्हणाल्या, साखरेचं पाणी हिरड्यांना चोळा, तोंडात ओतू नका, शुद्धीवर आली की लगेच काहीतरी खायला द्या, जे ती नक्की खाईल ते. काका मांडी घालून बसले आणि बोटाने पाणी चोळू लागले. त्यांच्या ओठांची हालचाल थांबली होती. नाम सुटलेलं मी त्यांना त्या एकाच वेळी पाहिलं.

आई क्षणभर दारात उभी होती. मग मला म्हणाली, “जाय, कोपऱ्यावरून दोन अंडे आन.” मी म्हटलं, “आई, आज पौर्णिमा.” “जीव जाऊन राहिला अन् पौर्णिमा काय सांगतं मले? जाय म्हनलं न.” पांढऱ्या लुगड्यातच तिने गॅस पेटवला. अंडं उकडेपर्यंत भुरीची मान सरळ झाली होती, जीभ हिरड्यांवरून फिरू लागली होती. आईच्या हातून तिने चिमूटभर पिवळा बलक चाटला, मग सगळं अंडं.

तेव्हा काका रडले. रडता रडता म्हणाले, “सुईचं पाप म्या घेतलं अन् अंड्याचं पाप तुमच्या घरावर टाकलं. म्हनून हे झालं.”

आईच्या हातातली वाटी खाली आदळली. “कायचं पाप, भाऊ?” ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिचा तो आवाज काकांनी ऐकला नव्हता. “आमच्या घरात रोज जे शिजते ते पाप हाय? या पोरीले म्या पाप चारून वाढोलं? इतके दिवस तुमच्या मांजरीले म्या जेवन देऊन राहिली. जेवन. तुमचं पाप-पुन्य तुमच्या भिंतीच्या तिकडं ठेवा.”

काका उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर मला वाटलं होतं तसा राग नव्हता. स्वतःचं बोलणं पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ते आईकडे बघत होते. त्यांनी हात जोडले. “चुकलो, वैनी. लय चुकलो. तोंडाले सवय लागली, मनानं कधी पाह्यलंच नाही.” भुरीला छातीशी धरून ते फाटकातून गेले, लांबून, रस्त्याने. दोन दिवस भिंतीवरून दंडवत आला नाही की जयभीम गेला नाही; भुरीची वाटी आणि बाटली तेवढी मी पोचवत होते. ते दोन दिवस मला फार जड गेले, कारण मला दोघांचंही पटत होतं आणि दोघांपैकी कुणालाही ते सांगता येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी काका फाटकातून आले. हातात नवं पातेलं होतं. “वैनी, अंडं कसं उकडतात ते दाखवा.” आई म्हणाली, “मी देतो न भुरीले. आपलं भांडन झालं म्हनून मुक्या जिवाले कायले?” काका म्हणाले, “भांडनाचं नाही. माह्या हातानं इंजेक्शन होते तं वाटीबी माह्याच हातानं भराले पायजे. नाही तं ध्यान राहात नाही.” मग खाली बघून म्हणाले, “अन् तुमच्या घरचं जेवन माह्या हाताले चालत नाही, असं राहू नये.” आईने त्यांना शिकवलं. पाणी किती, उकळी किती, मग थंड पाण्यात टाकायचं आणि पाण्यातच सोलायचं. पहिलं अंडं त्यांनी असं धरलं की आई हसायला लागली. “भाऊ, ते चावत नाही.”

काकांनी जंभेरीच्या झाडाखाली तीन विटा मांडून चूल केली. घरातल्या चुलीवर त्यांनी ते कधी आणलं नाही, पण लपवूनही केलं नाही. कोंबडी आणायला ते स्वतः बाजारात जात. पांढरं धोतर, कपाळ स्वच्छ, हात जोडून दुकानदाराला दंडवत, आणि मग मान फिरवून उभे. दुकानदार बिचारा त्यांच्यासाठी आधीच कापून ठेवायचा. पण गाव बघत होतं. संत्र्याच्या मंडीत, कापसाच्या गाड्यांपाशी, पंथाच्या लोकांत बोलणं झालंच. कुणी त्यांना तोंडावर काही म्हटलं नाही. पंथाच्या सभेत पुढच्या रांगेत बसणारे काका आपणहून उठून मागे, दाराजवळ, बसू लागले.

मी म्हटलं, “काकाजी, आश्रमातल्या बाबांना एकदा विचारून तरी बघा. मुक्या जनावरासाठी आहे, ते समजून घेतील.” आश्रम सौसरच्या बाजूला होता आणि तिथल्या महंत बाबांवर काकांची फार श्रद्धा. त्यांनी हातातल्या कलमाची पट्टी बांधून पुरी केली. मग म्हणाले, “इचारलं तं ते नाही म्हनतील. त्यांना तेच म्हना लागते. मंग मले त्यांचा शब्द मोडा लागन. न इचारता केलं तं फक्त माहा नेम मोडते.” पुढे कधी ‘पाप’ हा शब्द त्यांनी आमच्या अंगणात उच्चारला नाही. म्हणायचे, माहं मोडनं.

भुरी सुधारली. ऊन-पावसासारखे आकडे वरखाली होत होत खाली स्थिरावले. डॉक्टरबाई फोनवरून इंजेक्शन कमी करत गेल्या आणि एके दिवशी म्हणाल्या, आता बंद करून बघा, फक्त मोजत राहा. काकांनी ती बाटली आमच्या फ्रीजमधून नेली तेव्हा मला उगीचच वाईट वाटलं. पुढे भुरी चांगली जगली, उड्या मारत, पेरूवर चढत. गेली ती वयाने. हिवाळ्यात कलमांच्या पिशव्यांमध्ये उन्हात झोपली होती, तशीच. काकांनी तिला जंभेरीखाली पुरलं. त्या दिवशी आई त्यांच्या अंगणात जाऊन बसली आणि मी दोघांना चहा नेऊन दिला.

त्यानंतर काका मला म्हणाले, “आता बाबाकडं चाल. आता सांगता येते. आता ते नाही म्हनले तरी भुरीचं काही बिघडत नाही.” आम्ही बसने गेलो. मी बाहेरच्या ओट्यावर बसले. काका आत गेले आणि मला वाटलं त्यापेक्षा लवकर बाहेर आले. परतीची बस रामाकोन्याला थांबली. मग त्यांनी सांगितलं. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. रागावले नाहीत. म्हणाले, प्रायश्चित्त आहे, अवघड नाही. पण त्याआधी एकच विचारतो, झाल्याचा पस्तावा होतो का? “मग?” मी विचारलं. “म्या म्हनलं, नाही बाबा. रगत काढलं त्याचं वाईट वाटते, कोंबडीचं तं लय वाटते. पन पुन्हा तशी वेळ आली तं पुन्हा तेच करन. मंग पस्तावा कसा म्हनू?” बाबा म्हणाले होते, मग माझ्याजवळ द्यायला काही नाही. होईल तेव्हा या.

काका दरवर्षी जात. दरवर्षी बाबा तेच विचारत आणि काका तेच उत्तर देऊन परत येत. मी एकदा वैतागून म्हटलं, “एकदा हो म्हणून टाका ना काकाजी. कुणाला काय कळणार आहे?” ते माझ्याकडे इतक्या नवलाने बघत राहिले की मीच विषय बदलला. सभेत ते दाराजवळ बसत राहिले. त्यांना त्याचं दुःख होतं, आणि मोठं दुःख होतं. पुढच्या रांगेकडे बघताना मी त्यांना पाहिलं आहे. आयुष्यभर ज्या घरात राहिलो त्याच्या ओसरीवर झोपायला लागावं, तसं ते दुःख होतं. मला त्यांचा राग यायचा, कीवही यायची, आणि आज सांगते, त्यांच्यासारखं एकदा तरी नाही म्हणता यावं असं माझ्या मनात कायम राहिलं आहे. पोस्टाच्या खिडकीत, नातलगांत, कुठेही ‘हो म्हणून टाका, काय फरक पडतो’ असं कुणी म्हटलं की मी अडखळते. हे माझ्यात त्यांचं आलं.

मागच्या थंडीत काका अंथरुणाला खिळले आणि त्यातच गेले. लेक सौसरहून येऊन राहिली होती. मला आठवते ती त्याआधीच्या आठवड्यातली एक दुपार. बाबा स्वतः त्यांना बघायला आले होते. मी पाण्याचा पेला घेऊन उशाशी होते. बाबांनी तब्येत विचारली, मग थोडं थांबून म्हणाले, “या वर्षीचं राहिलं. विचारू?”

“इचारा,” काका म्हणाले.

“पस्तावा होतो का?”

काकांनी डोळे मिटले. ते खरोखर शोधत होते, दिसत होतं. मी मनातल्या मनात त्यांची विनवणी करत होते, म्हणा हो, आता तरी म्हणा.

“नाही, बाबा,” ते म्हणाले. “लय शोधलं आतमंदी. नाही सापडत.”

बाबांचे डोळे भरले होते की मला तसं वाटलं, कोण जाणे. त्यांनी खुर्ची खाटेजवळ ओढली आणि काकांचा हात हातात घेतला.

“नाव काय होतं तिचं?” त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत हे त्यांनी कधीच विचारलं नव्हतं.

“भुरी,” काका म्हणाले आणि उशीवरून उठायला लागले. मी पाठीला हात दिला. आवाज चिरकत होता, तरी ते सांगायला लागले. मुंग्या कशा दिसल्या, कान आधी कोमट करा लागते, थेंबाची वाट पाहा लागते, घाई केली की तिले डबल दुखते. अंडं पाण्यात सोललं की टरफल कसं सुटते. पांढरं ती आधी बाजूला सारायची आणि पिवळं खायची. लेकीने चहा आणून ठेवला, तो गार झाला, तिने पुन्हा गरम करून आणला. बाबांची गाडी फाटकात उभी होती, ड्रायव्हर दोनदा डोकावून गेला. बाबा उठले नाहीत. काका थकून मध्येच थांबले की ते थोडा वेळ जाऊ देत, आणि मग हळूच म्हणत, “मग?”